परत जमिनीतून

नव्या लोकांच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. त्यांना आधी व्हॉल्व्ह हॉलच्या काचेपाशी नेऊन उभं करते आणि गप्प राहायला सांगते. इंजिनिअर माणसाला गप्प बसवणं सोपं नाही, पण ती काच बरोबर बसवते. पलीकडे चार मजली उंचीचं, एकही खिडकी नसलेलं दालन आहे. छताला मोठाले मनोरे उलटे टांगलेले आहेत. त्यांचे सगळे कोपरे गोल आणि गुळगुळीत, कारण जरा कुठे टोक मिळालं की वीज तिथून निसटायला बघते. लाइन चालू असताना आत माणूस जाऊ शकत नाही. आत फक्त गुणगुण असते, आणि ती कानांपेक्षा दातांना जास्त कळते.

मग कुणीतरी विचारतं, "मॅडम, तिकडच्या भिंती अशा काळ्या का?" ती धूळ असते. डीसीच्या बाजूला हवेतली धूळ ओढली जाते आणि चिकटून बसते. पुसली तरी पुन्हा त्याच जागी, त्याच आकारात बसते. एका खांबामागे ती अशी बसलीये की पाठमोरा माणूस उभा असल्यासारखं वाटतं. मी हे सांगत नाही, पण सगळे दुसऱ्यांदा तिकडे बघतात.

त्यानंतर वर्गात येऊन मी मुद्द्याला हात घालते. घरातली वीज एसी. ती सारखी पुढे-मागे करत असते आणि दर वेळी मधे शून्यावर येते. त्या शून्यावर तिला गाठून तोडता येतं. डीसीला शून्य नसतं. ती एकदा निघाली की एकाच दिशेने चालत राहते, आणि मधेच तोडायला गेलात तर ठिणगीची कमान टाकून पलीकडे जाते. पण पल्ला लांबचा असेल तर हीच परवडते. तारा कमी लागतात, गळती कमी होते. म्हणून इकडच्या टोकाला, आमच्या वीज स्टेशनात, त्या काचेपलीकडच्या मनोऱ्यांतून आम्ही एसीची डीसी करतो, आणि खूप दूर, जिथे मी आजवर गेलेली नाही, तिथले लोक तिची पुन्हा एसी करतात.

"आणि विजेला परतीची वाट लागते," मी म्हणते. इथे मागच्या रांगेत कुणीतरी 'वाट लागते' म्हणून खिदळतंच. त्याला मी उभं करते आणि पुढचं त्याच्याकडून वदवून घेते. आपल्याकडे दोन तारा आहेत, एक अधिक, एक उणे. एकीतून जाते, दुसरीतून येते. दोन्हींपैकी एक बंद ठेवावी लागली तर? तर मग परतीची तार म्हणून आपण जमीन वापरतो. सगळा प्रवाह तिकडच्या टोकाला जमिनीत सोडायचा आणि इकडच्या टोकाला जमिनीतून उचलून घ्यायचा. मधे डोंगर, नद्या, गावं, जे काही असेल त्याच्या खालून तो येतो. नेमका कुठून येतो ते कुणालाच सांगता येत नाही.

हे ऐकून वर्ग जरा अस्वस्थ होतो. मला ते आवडायचं. आता आवडत नाही.

जमिनीतून वीज उचलायची जागा स्टेशनात ठेवत नाहीत, लांब ठेवतात. आमची आहे ती गाडीने तासाभरावर. तिला आम्ही इलेक्ट्रोड म्हणतो. जमिनीखाली कोळशाच्या भुग्यात लोखंडी सळया गोलाकार पुरलेल्या आहेत. वर नुसतं गवत, भोवती कुंपण आणि एक खोली. बघायला काही म्हणजे काही नाही. फक्त प्रवाह चालू असला की कुंपणाच्या आतल्या ओल्या मातीतून गांडुळं वर येतात, आणि गाईगुरं त्या बाजूला चरायला जात नाहीत.

त्या जागेवर माझे बाबा नोकरीला होते. घर कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. मी तिथेच वाढले आणि तिथूनच शिकायला बाहेर पडले. मला 'फ्यूज' हे नाव बाबांनीच ठेवलं, कारण माझं डोकं लगेच जातं. पुढे मी स्टेशनात लागले तेव्हा ते नाव माझ्याआधी तिथे पोचलेलं होतं.

जमिनीतून प्रवाह सुरू करण्याआधी कंट्रोल रूममधून इलेक्ट्रोडवर फोन करायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बोलायचं वाक्य ठरलेलं आहे: "परत जमिनीतून." ऐकणाऱ्याने तेच शब्द पुन्हा म्हणायचे, म्हणजे नीट ऐकू गेल्याची खात्री होते. बाबा जेवत असले तर उष्ट्या हाताने रिसीव्हर धरायचे आणि म्हणायचे, "परत जमिनीतून." मग आई हातातलं काम टाकून त्यांचे बूट दाराशी ठेवायची. आमच्या घरात या वाक्याचा एवढाच अर्थ होता, की बाबा आता कुंपणाकडे जाणार.

बाबा नोकरी संपायच्या आत गेले. अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले, बूट घातलेले होते. मी आईला माझ्याकडे ये म्हणून पुष्कळ सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या स्वयंपाकघरातली हवा खेळती नाही म्हणाली. आईने एकदा नाही म्हटलं की विषय संपतो. मी महिन्यातून एखादी चक्कर टाकायची आणि तिने मला मी किती वाळले ते सांगायचं, असं आमचं चाललं होतं.

एक दिवस दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग ती सहज म्हणाली, "आज ते आले होते."

"कोण?"

"कोण काय? तुझे बाबा."

माझ्या आईचा स्वभाव सांगायला हवा. भुताखेतांच्या गोष्टी घेऊन कुणी आलं तर त्याला ती चहा पाजून वाटेला लावते. तिची असली बोलणी मी कधीच ऐकली नव्हती. मी म्हटलं, स्वप्न पडलं असेल. ती म्हणाली, "स्वप्नात हात कोमट लागतो का गं?" आणि भाजी करपतेय म्हणून फोन ठेवून दिला.

पुढे तेच तिने दोनदा-तीनदा सांगितलं. रडणं नाही, ओरडणं नाही. शेजारच्या बाई येऊन गेल्याचं सांगावं, तसं. मला मात्र भीती वाटायला लागली. आई एकटी राहून राहून हातची जातेय असंच वाटलं. मी रजा टाकून गेले.

ती मला मोरीत घेऊन गेली. आमची मोरी जुनी, खाली दगडी फरशी, भिंतीतून आलेला पितळी नळ. आईने फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "धर."

मी नळाकडे हात नेला.

"चपला काढ आधी. चपलेतून येत नाहीत ते."

माझ्या अंगावर काटा आला. भुतामुळे नाही. त्या एका वाक्यात मला सगळा उलगडा दिसला होता, म्हणून. मी चपला काढल्या आणि नळ धरला. धरताक्षणी एक बारीक हिसका बसला. मग काहीच नाही. मग तळहातात हळूहळू ऊब चढत गेली. एखाद्याने हात हातात घेऊन ठेवावा आणि घाई करू नये, अशी. मी हात काढला तेव्हा पुन्हा हिसका बसला.

"बघितलंस?" आई म्हणाली. "जाताना ओढतात. जाऊ नको म्हणतात."

डीसी अशीच असते. लागताना आणि सुटताना झटका देते, मधे फक्त गरम लागते. मी हे दरवर्षी वर्गात सांगते. आमच्या घरचं पाणी टेकडीवरच्या टाकीतून येतं आणि तो लोखंडी पाइप येता येता इलेक्ट्रोडच्या कुंपणाला घासून येतो. जमिनीतला विजेचा दाब पाइपात चढतो आणि पाइप तो थेट आईच्या मोरीत आणून सोडतो. खाली ओली फरशी, वर अनवाणी बाई. मी गाडीतून मीटर आणला, नळाला आणि फरशीला लावला, आणि आकडा दोनदा वाचला. त्या दिवशी एक तार बंद होती, पण लाइन अगदी हलकी चालली होती. पुढच्या महिन्यात एका पोलचा, म्हणजे एका तारेच्या बाजूचा, ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता. ते काम होईपर्यंत पूर्ण प्रवाह जमिनीतून यायचा होता. आज जो नळ आईचा हात धरत होता, तो त्या वेळी सोडणार नव्हता.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कागदावर चित्रही काढलं. टाकी, पाइप, कुंपण, मोरी, बाई. तिने चित्र लक्ष देऊन बघितलं.

"म्हणजे जमिनीतून येतात," ती म्हणाली. "मी तेच तर म्हणतेय."

"आई, ती वीज आहे."

"असेल. तुझे बाबा आयुष्यभर तिच्याच मागे होते. दुसरं काय होऊन येणार ते?"

माझं डोकं गेलं. मी काय काय बोलले ते मला आठवायचं नाही. शेवटी विचारलं, की रोज होत नाही, मग तुला कसं कळतं कधी नळ धरायचा ते? तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"फोन येतो की."

दुसऱ्या दिवशी मी तडक कंट्रोल रूममध्ये गेले. तिथे आमचा शिफ्ट इंचार्ज होता, ज्याला सगळे घुबड म्हणतात, कारण तो दिवसाही अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बसतो. बाबांचा जुना दोस्त. फोन करायच्या यादीत इलेक्ट्रोडचा म्हणून दोन नंबर होते, कुंपणातल्या खोलीचा आणि आमच्या घरचा. खोलीत आता दुसरा माणूस होता. घरचा नंबर काढायचा राहून गेला होता.

"राहून गेला म्हणजे?" मी विचारलं.

घुबड पडद्याकडे बघतच बोलला. "पहिल्यांदा चुकून लागला. वहिनींनी उचलला. मी 'परत जमिनीतून' म्हटलं, आणि त्यांनी लगेच 'परत जमिनीतून' म्हटलं, अगदी त्याच्यासारखं. आवाज बरा वाटला. मग मी करत राहिलो."

म्हणजे इतके दिवस या माणसाने एका विधवा बाईला फोन करून सांगितलं होतं, की परत जमिनीतून, आणि ती बाई ते स्वतःच्या तोंडाने म्हणून, चपला काढून मोरीत जाऊन उभी राहत होती. मी त्याला घुबडाच्या पलीकडची बरीच नावं ठेवली. नंबर मी स्वतः यादीतून काढून टाकला.

पुढच्या रविवारी मी प्लंबर घेऊन आईकडे गेले. कुंपणाच्या अलीकडे पाइप कापून मधे प्लास्टिकचा चांगला लांब तुकडा टाकायचा, म्हणजे घराकडचं लोखंड वेगळं होतं आणि वीज अलीकडे येत नाही. आई दारात उभी राहिली. ती भांडली नाही. तेच वाईट होतं.

"एवढं एकच आहे गं माझ्याकडे," ती म्हणाली.

"मी तुला मरू देऊ का?"

"मी कुठे मरतेय? हात तर धरते फक्त."

मी प्लंबरला काम सुरू करायला सांगितलं. करवतीचा आवाज येत होता तेवढा वेळ आई पाठ करून तांदूळ निवडत बसली. निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतून पुन्हा निवडले. काम झाल्यावर प्लंबरने हसत हसत सांगितलं, की आता हा पाइप जन्मात गंजणार नाही. आईने त्याला चहा दिला आणि मला द्यायला विसरली. ती विसरणारी बाई नाही.

ट्रान्सफॉर्मर बदलण्याचं काम सुरू झालं आणि जमिनीतून पूर्ण प्रवाह यायला लागला. मी रोज आईला फोन करत होते. ती हो-नाही एवढंच बोलायची. तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मी गेले तर मोरी कोरडी ठणठणीत, ती शेजारून बादलीने पाणी आणत होती. मी मीटर लावून बघितला, नळावर शून्य. माझं काम चोख झालं होतं. आई गालफडं बसलेली, केस न विंचरलेली, अंगणातल्या खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसली होती. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला आणि थोड्या वेळाने काढून घेतला. परतताना गाडी बाजूला लावून मी रडले. मी तिला वाचवलं होतं, आणि तिच्याकडे बघून तसं वाटत नव्हतं.

काम संपलं. दोन्ही तारा चालू झाल्या, जमीन मोकळी झाली. घुबडाने मला मुद्दाम येऊन सांगितलं, की आता पुढच्या वर्षापर्यंत जमिनीला हात लावायचं कारण नाही.

त्यानंतर मी आईकडे गेले तेव्हा दार उघडं होतं आणि आतून भाजीला फोडणी दिल्याचा वास येत होता. आई नीटनेटकी, वेणी घातलेली, पदर खोचून शेगडीशी उभी. मला बघून म्हणाली, "आलीस? किती वाळलीस." मला इतकं हायसं वाटलं की तिथेच भिंतीला टेकले. मग माझी नजर मोरीकडे गेली. फरशी ओली होती.

"आई."

"नळ वापरते आता. पाणी काय शेजारून आणायचं रोज रोज?"

"आई, माझ्याकडे बघ."

तिने गॅस बारीक केला. "तू तो स्टेशनातला फोन बंद केलास ते बरं केलंस," ती म्हणाली. "फोनची वाट बघावी लागायची. आता लागत नाही."

मी पळतच गाडीकडे गेले आणि मीटर आणला. नळ आणि फरशी, शून्य. नळ आणि भिंत, शून्य. कुंपणापर्यंत जाऊन प्लास्टिकचा तुकडा बघून आले. जसाच्या तसा होता. कुंपणात गवत उभं होतं, गांडुळं नव्हती, एक गाय अगदी तारेला लागून शांतपणे चरत होती. मी तिथूनच घुबडाला फोन लावला.

"जमिनीत काही आहे का?"

"काही नाही. दोन्ही पोल सारखे चालू आहेत. जमिनीत काहीच नाही. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

परत आले तेव्हा आई मोरीच्या उंबऱ्याशी उभी होती. मला चिडायचं होतं, पण चीड काही येईना. मी चपला काढल्या. ओल्या फरशीवर उभी राहिले आणि नळ मुठीत धरला. पितळ थंड होतं. हिसका नाही, ऊब नाही, मुंग्या नाहीत. मेलेला नळ. मी आईकडे वळून बघितलं. तिला सांगायला तोंड उघडलं, की बघ, काही नाहीये.

"थांब," ती म्हणाली. "घाई नाही करायची."

मग माझ्या मुठीवर, बाहेरच्या बाजूने, काहीतरी टेकलं. नळाकडून नाही, वरून. बोटांची उलटी बाजू असते तसं, सांध्यांचं हाड लागावं तसं. टेकलं आणि तत्क्षणी मागे गेलं.

आमच्या कामात कुठलीही वस्तू आधी हाताच्या उलट्या बाजूने चाचपतात. तिच्यात वीज असली तर बोटं आतल्या बाजूला आवळली जातात. तळहात लावला तर माणूस अडकतो, उलटा हात लावला तर सुटतो. हे मी कुणाला शिकवत नाही. हे पुस्तकात नाही, जुन्या माणसांच्या हातात असतं.

"ते आधी असंच करतात," आई हळू आवाजात म्हणाली. "इस्त्रीला, तव्याला, तुला ताप आला की कपाळाला. चटका नाही ना बसणार, ते बघतात."

मला तेव्हा कळलं की चाचपलं जातंय ते मला. तिकडून बघणाऱ्याला आम्हीच जिवंत तार. मी भ्यायले, आणि तरी मूठ सोडली नाही. जोरात दामटून बोलायची सवय असलेली मी, मला साधं 'बाबा' म्हणता येईना.

पुन्हा टेकलं. या वेळी मागे गेलं नाही. उलटा हात हळूच सुलटा झाला आणि माझ्या मुठीवर सगळा पसरला. कोमट, खरबरीत. मी रडतेय हे मला गालावरचं पाणी हनुवटीवर आल्यावर समजलं. किती वेळ तशी उभी होते, माहीत नाही. शेगडीवर भाजी करपायला लागली होती आणि दोघींपैकी कुणीच तिकडे गेलं नाही.

शेवटी आईने पदराने हात पुसले, चपला उंबऱ्याबाहेर सरकवल्या आणि फरशीवर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पुरे गं," ती म्हणाली. "आता माझी पाळी."